शेजारच्या खाटेवरचा लेफ्ट विंगर

२००६ साल. मी एकोणसाठ वर्षांचा होतो. ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही — बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हासुद्धा तेवढी एक वगळून बाकीचं बोलतो. आता लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीला उठलो, चहा केला, आणि न पिता तसाच ओट्यावर ठेवून आलो.

मी चौथी शिकलेला माणूस. मराठी लिहितो ती अशी, बोलल्यासारखी. इंग्रजीचं विचारू नका. नाही — विचारा. सगळं तिथंच तर आहे. पण थांबा, आधी कार्डांचं सांगतो.

इंग्लंडात लेस्टरला आलो तेव्हा होजिअरीच्या कारखान्यात लागलो. जेवणाच्या सुट्टीत गोरी पोरं च्युइंगमची पाकिटं फोडायची. त्यात फुटबॉलवाल्यांची कार्डं निघायची — पुढच्या बाजूला फोटो, मागं त्या खेळाडूची माहिती. नावाजलेला निघाला की पोरं खिशात घालायची. बाकीचे जमिनीवर. मी ते जमिनीवरचे उचलायचो. पुढं आपल्या शहराच्या क्लबच्या मॅचला जायला लागलो, वेड लागलं, आणि मग फक्त आपल्या क्लबचे आणि फक्त विसरलेले, एवढंच गोळा करायचं ठरवलं. चार मॅच खेळून गेलेले. गुडघा मोडून घरी बसलेले. कार्ड छापून बाजारात आलं आणि तोवर माणूस दुसरीकडं विकला गेला, असलेसुद्धा.

का? मुलगा विचारायचा, बाबा, हे कोण लोक आहेत? मी म्हणायचो, चांगले लोक आहेत. खरं सांगू? त्यांना कुणी ओळखत नाही आणि मी ओळखतो — त्यात एक ताठा होता. कारखान्यात मला कुणी काही विचारत नसे. रविवारी हॉलमध्ये कार्डांची अदलाबदल करणारे जमायचे, तिथं मात्र गोरे म्हातारे माझ्याकडं वळून विचारायचे — हा कोण रे? आणि मी सांगायचो.

सुरुवातीची कार्डं मी कणकेच्या खळीनं वहीत चिकटवली होती. पाठीमागं मजकूर असतो हे दिसत होतं, पण मला वाचता येत नाही म्हटल्यावर पाठ काय कामाची? हॉलमधल्या एकानं ते बघून कपाळाला हात लावला. म्हणाला, अर्धं कार्ड तू वहीत गाडलंस. त्यानंतरची सगळी प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये ठेवली. मागची माहिती मुलाकडून वाचून घ्यायची आणि पाठ करायची. माझं पाठांतर चांगलं आहे. अजून आहे.

त्यातलं एक डेनिसचं. आडनाव लिहीत नाही, त्याची मुलगी असेल कुठंतरी. लेफ्ट विंगर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेनं चेंडू पळवणारा. एकाच हंगामात थोड्या मॅच खेळला आणि नाहीसा झाला. त्याचं कार्ड मी वर्षानुवर्षं शोधलं. शेवटी मिळालं ते एका मोठ्या गोलकीपरचं कार्ड देऊन. देणारा हसत होता, पुन्हा पुन्हा विचारत होता, नक्की ना? मी घरी येईस्तोवर दोनदा बसमध्ये बाहेर काढून पाहिलं. केस कपाळावर, डावी भुवई मधून तुटलेली. मागं लिहिलं होतं — मुलानं वाचलं — बाप मासेमारीच्या बोटीवर, स्वतः आधी बेकरीत कामाला, आवड कबुतरं पाळण्याची.

आता हॉस्पिटल. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, टाके पिकले, म्हणून ठेवून घेतलं. वॉर्डात सहा खाटा. शेजारचा माणूस माझ्याच वयाचा, पोटाचं काहीतरी मोठं झालं होतं त्याला, कातडी पिवळी पडलेली. खाटेच्या वर पाटीवर नाव. इंग्रजी मी कसंबसं अक्षर अक्षर लावतो, पण ते नाव मला लावावं लागलं नाही. ते मी आकारावरून ओळखत होतो, जसं आपण आपल्या घराचं दार ओळखतो. मग मी भुवई पाहिली.

तुम्हाला काय सांगू कसं झालं ते. पण मी बोललो नाही. म्हटलं, असं नाही, थाटात सांगायचं. मुलाला फोन करून अल्बम मागवला. त्यानं संध्याकाळी आणून दिला, मी लॉकरमध्ये टॉवेलाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी डेनिसची मुलगी येणार होती. तो नर्सला सारखं तेच सांगत होता. पोरगी लहान असताना बायको तिला घेऊन निघून गेली होती, बाप थापाड्या आहे हे ऐकत पोरगी वाढली, आणि आता आजारपणाचं कळल्यावर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा येत होती. पडद्याआडून सगळं ऐकू येतं. मी मनात ठरवलं, तिच्यासमोरच अल्बम उघडायचा. माझी ऐट आणि त्याचा मान, दोन्ही एकदम.

तर असा मी. चांगलाच होतो की नाही तोवर?

वॉर्डात एक डॉक्टर मुलगी यायची, अश्विनी, नागपूरची. मराठी ऐकून मला काका म्हणायला लागली. तिला मी सांगितलं होतं की मी सुपरवायझर होतो आणि रोज इथला पेपर वाचतो. सुपरवायझर मी नव्हतो. पेपर मी उघडायचो, फोटो बघायचो. ती म्हणायची, काका, तुम्ही म्हणजे ग्रेट आहात. मला ते गोड लागायचं.

सकाळी जेवणाचा छापील कागद यायचा, त्यावर हवं त्या पदार्थापुढं खूण करायची. मी अंदाजानं करायचो. आदल्या दिवशी झाकण उघडलं तर गोमांस. मी ताट सरकवून दिलं, भूक नाही म्हणालो. डेनिसनं ते पाहिलं होतं. मुलगी येणार त्या सकाळी कागद घेऊन बाई आली तेव्हा अश्विनी माझे टाके बघत होती. डेनिस आपल्या खाटेवरून म्हणाला — मोठ्यानं, कारण त्याचा आवाजच तसा —

"त्याला वाचता येत नाही, बाई. इकडं दे, मी त्याचं भरतो."

भल्यासाठी म्हणाला. हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण समोरच्या तिन्ही खाटांवरची डोकी वळली. अश्विनीनं माझ्याकडं पाहिलं, मग टाक्यांकडं पाहिलं. हळू म्हणाली, "काका, मला सांगायचं ना. मी वाचून दाखवलं असतं." त्यानंतर ती मला ग्रेट म्हणाली नाही. डेनिसनं बटाट्याचं काहीतरी माझ्यासाठी निवडलं. मी जेवलो नाही. खरंच भूक नव्हती.

दुपारी मुलगी आली. उंच, कोट न काढता बसली. बोलणं अडखळत होतं दोघांचं — हवा, बस, पार्किंग. मग कुठूनसं फुटबॉलचं निघालं. डेनिस म्हणाला, मी इथल्या क्लबकडून खेळलो, तुला माहीत आहे ना? ती म्हणाली, आई सांगायची. कसं सांगायची ते तिच्या आवाजावरून कळलं. तो म्हणाला, अगं खरंच, माझं कार्डसुद्धा निघालं होतं, होतं नव्हतं ते सगळं लोकांना वाटून टाकलं मी. ती म्हणाली, बरं. समोरच्या खाटेवरचा एकजण हसला, मी पण मग क्लबचा कॅप्टन होतो म्हणाला.

डेनिस माझ्याकडं वळला. माझ्या खुर्चीच्या पाठीवर क्लबचा मफलर होता, आणि मी किती वर्षं मॅचला जातो ते नर्सला सांगताना त्यानं ऐकलं होतं.

"याला विचारा. हा तेव्हापासून मॅचला जातो. तू सांग ना हिला — माझं नाव ऐकलंयस ना?"

अल्बम हाताच्या अंतरावर होता. मला कार्डाचं पान माहीत होतं. त्याचा बाप बोटीवर होता, तो बेकरीत होता, त्याची कबुतरं होती — त्याच्या मुलीला ठाऊक नव्हतं एवढं मला त्याच्याबद्दल ठाऊक होतं. मी सावकाश मफलर उचलला, घडी केली, मांडीवर ठेवला. आणि म्हणालो,

"नाही. आमच्या क्लबकडून खेळलेला एकूण एक माणूस मला पाठ आहे. हे नाव त्यात नाही."

नुसतं नाही म्हणून थांबता आलं असतं. पुढचं वाक्य कशाला? ते मी जुळवून म्हणालो. रविवारच्या हॉलमध्ये म्हणतो तसं, जाणकाराच्या आवाजात. आणि त्यांना ते पटलं. आयुष्यात माझ्या शब्दावर कुणी इतक्या चटकन विश्वास ठेवला असेल तर तो तेव्हा.

डेनिसनं वाद घातला नाही. त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं — रागानं असतं तर बरं झालं असतं. विसरला असेल बिचारा, असं म्हणाला मुलीला. माझ्याबद्दल. मुलगी त्याच्या पांघरुणावरनं हात फिरवत म्हणाली, असू दे, डॅड. ते 'असू दे' कसं असतं माहीत आहे तुम्हाला? लहान पोराला म्हणतात ना, तसं. मग ती निघाली, तिला ट्रेन होती. पुन्हा आली की नाही मला माहीत नाही. पुढं कधी तिनं कुठं शोधून पाहिलं का, तेही माहीत नाही. ती माणसं नंतर मला कधी भेटली नाहीत आणि मी भेटायला गेलो नाही.

कार्ड माझ्याकडं आहे. हॉलमध्ये कुणी विचारलं तर ते पान मी उलटून पुढं जातो.

एवढ्यावर थांबणार होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळचं राहिलं, ते सांगितलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं होईल.

सकाळी डेनिस मला गुड मॉर्निंग म्हणाला. मी घंटा वाजवली. नर्स आल्यावर तिला सांगितलं, मला दुसऱ्या वॉर्डात हलवा, या माणसाच्या घोरण्यानं मला झोप लागत नाही. तिनं माफी मागितली आणि जागा शोधून दिली. माझी खाट लॉकरसकट ढकलत नेली, आणि जाताना डेनिस तिला म्हणत होता, सॉरी हं, मला ठाऊकच नव्हतं मी घोरतो ते.

तो घोरत नव्हता. रात्रभर जागा होता तो. मला माहीत आहे, कारण मीही जागाच होतो.