हजराबीच्या मनगटावरचा थेंब

पांढरकवड्यात हजराबीइतकी हट्टी मेंदीवाली दुसरी नाही. मी तिची शेजारीण, बायकांचे ब्लाउज शिवते, म्हणून हे अधिकाराने सांगते. तिचे स्वतःचे केस भडक नारिंगी आहेत. पूर्वी ती पुडीतला काळा रंग लावायची. एका ईदेला तिचा चेहरा इतका सुजला की डोळे उघडेनात. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं. एकदा ते अंगाला बाधलं की पुन्हा थेंबभरही चालत नाही. तेव्हापासून हजराबी केसांनाही मेंदीच लावते आणि वर रुबाबात मिरवते.

गेल्या उन्हाळ्यात केळापूरजवळच्या तांड्यावरची उज्ज्वला लग्नाच्या दोन दिवस आधी तिच्याकडे आली. हजराबीची अटच तशी आहे, कारण तिची मेंदी आधी फिकी दिसते आणि गडद व्हायला दोन दिवस घेते. उज्ज्वलाने मात्र पिशवीतून बाजारातला कोन काढला.

"चाची, हाच लावा. दहा मिनिटांत काळीभोर होते. रंग नाही चढला तं नणदा म्हणतीन, सासूचा जीव नाही हिच्यावर."

हजराबीने कोन हुंगला. "पोरी, मेंदीचा पाला काळा रंग देतच नाही. ह्याच्यात केसाचा डाय हाये. हातावर फोड येतीन."

"माह्या मैत्रिणीले काहीच नाही झालं."

"तिले नाही झालं, मले झालतं. तुह्यं कोण सांगन?"

उज्ज्वला ऐकेना. मग हजराबीने त्या कोनातला थेंब सरळ स्वतःच्या डाव्या मनगटावर सोडला.

"भाभी, डॉक्टरनं बजावलं होतं नं तुमाले?" मी म्हटलं. मला गप्प बसवून तिने उज्ज्वलाला सकाळी यायला सांगितलं.

सकाळी थेंबाच्या जागी टम्म फोड होता, मनगट लालबुंद. तिचा मुलगा साजिद बडबडत मलम आणायला गेला. उज्ज्वलाने तो हात पाहिला आणि आपला कोन कचऱ्यात टाकला.

"आता तुमची मेंदी उद्यापर्यंत चढन काय, चाची?"

"नाही," हजराबी म्हणाली. खोटा धीर देणं तिला जमतच नाही. फोडाला मलम फासून तिने दुपारभर उज्ज्वलाच्या हातावर मोर काढले.

लग्नात नवरीचे हात गाजरासारखे दिसत होते. नणदांनी चिडवायची संधी सोडली नाही. उज्ज्वला हसत होती, पण हात पदराखाली घेत होती. मला फार वाईट वाटलं. हजराबी तर जेवलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर फोटो आला. उज्ज्वलाचे नितळ हात, त्यांवर डाळिंबी रंगाचे मोर. शेजारी दुसऱ्या कुणाचे तरी कोरे तळवे. खाली उज्ज्वलाचा आवाज होता: "चाची, रंग चढला. हे कोरे हात सासूबाईचे. दिराच्या साखरपुड्याले तुमच्याचकडून काढून घेतो म्हणतात. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आणू काय त्याइले?"

हजराबीला टाइप करता येत नाही. फोन माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "लिव. दोन दिवस आधीच आण म्हणावं."