पायाच्या चिठ्ठ्या

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून योगिनी कॉलेजात परतली, तर संग्रहालयाची खोली दिवाळीसारखी लखलखत होती. तपासणी समिती येणार होती ना!

उस्मानपुऱ्यातल्या त्या कॉलेजात वटवाघळांचे नमुने लग्नाआधीपासून तीच सांभाळायची. बरणीतलं स्पिरिट जरा खाली गेलं, की चुलीवर दूध उतू चालल्यासारखी धावायची. आता प्रत्येक बरणीवर एकच छापील लेबल होतं : 'वटवाघूळ'. तिनं एक बरणी उजेडात धरली. आतल्या जिवाचे पाय उघडे. कुठल्या गावी सापडलं ते लिहून दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठीच नव्हती.

तिनं झाडलोट करणाऱ्या बाईंना हाक मारली. "आवडाबाई, चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

"कापल्या की ताई. सायेब म्हनले, लई कळकट दिसत्यात. समदी टबात काढली, बरण्या घासल्या, परत भरली. लोणच्याच्या बरणीवानी चकचकीत झाल्या का नाय?"

"आणि चिठ्ठ्या?"

"घंटागाडीत."

योगिनीची कानशिलं तापली. पण हिला बोलून काय उपयोग? ती तरातरा विभागप्रमुख सर्जेराव सरांकडं गेली.

"अहो ताई, वटवाघूळ ते वटवाघूळ. एवढं काय त्यात?"

"सर, कुठलं बिडकीनचं आणि कुठलं पडेगावचं, आता कोण सांगणार? बिडकीनची वटवाघळं ज्या विहिरीत सापडली, ती बुजवून वर शेड ठोकलीय. तिथं ही जात राहत होती, याचा पुरावा तेवढाच होता!"

"मग तुम्हाला पाठच असेल की. बसा, लिहून काढा. कोण बघतंय?"

ती खरंच मार्कर घेऊन बसली. नाक-कान बघून जात सांगता येते, गाव कसं सांगणार? हे कान फाटलेलं बिडकीनचंच असावं. असावं! उद्या कुणी पोरगी अभ्यासाला बसेल आणि योगिनीच्या या 'असावं'वर नकाशात ठिपका देईल. तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं प्रत्येक लेबलावर ठळक लिहिलं : 'ठिकाण माहीत नाही. तपासणीसाठी चिठ्ठी कापली.' खाली सही.

सर धावत आले. "वेड लागलं का तुम्हाला? पुसा ते! समितीची माणसं जिना चढतायत!"

"खोटं गाव लिहिणार नाही आणि हे पुसणारही नाही."

सर नखानं लेबल खरवडू लागले. शाई पक्की होती. योगिनीनं कपाटाची दोन्ही दारं सताड उघडली आणि बरण्या पुढं ओढल्या.