आली म्हटलेली मदत

घड्याळबाई,

बहिणीकडे राहायला गेल्यापासून तू दोन ओळींच्या वर काही कळवत नाहीस, म्हणून मीच लिहिते. आणि तुझ्याबद्दलच लिहिते. ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांनाही कळू दे.

एकवीस वर्षं तू सुईणीचं काम शिकणाऱ्या मुलींना अडलेल्या, बिघडलेल्या बाळंतपणात काय करायचं ते शिकवलंस. मी त्याच शाळेची प्राचार्या. तू खुर्चीत टेकलेली मला आठवत नाही. डबासुद्धा उभ्यानं. घरी दूध उतू गेलं तरी ही आधी किती मिनिटांत गेलं ते बघते, असं तुझे यजमान म्हणायचे.

तुझ्या कापडी बाहुलीची मुलींना धास्ती होती. तिच्या पोटात लाल पाण्याची पिशवी, पिशवीच्या नळीला चिमटा. बाळ बाहेर आलं की तू चिमटा सोडायचीस आणि सगळं टेबल लाल. पहिली पायरी मदतीची. मुलगी मोठ्यानं म्हणायची, "मदत बोलावली." घड्याळावरची नजर न काढता तू म्हणायचीस, "आली. पुढे." खरंच कुणाला बोलवायला आपल्याकडे मोकळी माणसं होती कुठे? मग पोट चोळणं, इंजेक्शन, सलाईन. तालीम इतकी चोख, की पाहुणे आले की आपण तीच दाखवायचो.

एका दुपारी आपल्या दवाखान्यात एका पहिलटकरणीला बाळंत झाल्यावर खरोखरच रक्त जायला लागलं. तू जिला चिमणी म्हणायचीस ती मुलगी तिथे होती, वर्गातली सगळ्यात हुशार. ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "मदत बोलावली." बरोबरच्या दोघींनी ऐकलं, माना डोलावल्या आणि आपापलं काम सुरू ठेवलं. दोन दारं पलीकडे डॉक्टरीणबाई चहा पीत होत्या. सात मिनिटं त्यांना बोलवायला कुणी गेलंच नाही. बाई वाचली, बाळही धडधाकट. पण तिची गर्भपिशवी काढावी लागली.

चौकशीला आम्ही तिघं बसलो: मी, डॉक्टरीणबाई आणि कार्यालयाचे अधीक्षक. चिमणीचं नाव शाळेच्या पटावरून काढून टाकायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी कागदही तयार ठेवला होता, उगाच कशाला लपवू? खापर फोडायला एक डोकं मिळालं की संस्थेला हायसं वाटतं.

तेवढ्यात तू आलीस आणि बाहुली थेट आमच्या फायलींवर ठेवलीस. चिमटा सोडलास. अधीक्षकांनी घाईघाईनं चष्मा उचलला. डॉक्टरीणबाईंना म्हणालीस, तुम्ही करून दाखवा. त्या चिडल्या, पण हात सवयीनं पोटावर गेले आणि तोंडातून आलं, "मदत बोलावली."

तू घड्याळाकडे बघत राहिलीस, "आली" म्हणाली नाहीस. लाल पाणी माझ्या कागदापर्यंत आलं.

"दीड मिनिट झालं," तू म्हणालीस. "कोण गेलं बोलवायला?"

डॉक्टरीणबाईंनी दाराकडे पाहिलं.

"त्या पोरीनं मी शिकवलं तेच केलं. नाव काढायचं तर माझं काढा."

मला तुझा संताप आला होता, कारण पोरीची चूक आता आपल्या सगळ्यांची झाली. तरी चिमणी राहिली. पुढे तालमीत तू बोट दाखवून नेमकी मुलगी पाठवायला लावलंस, आणि तिनं खऱ्या डॉक्टरला हाताला धरून आणेपर्यंत "पुढे" म्हणाली नाहीस. डॉक्टरीणबाईंचा चहा आठवड्यातून तीनदा गार व्हायचा. त्या तुला उघड शिव्या द्यायच्या, पण यायच्या.

चौकशी झाली त्याच संध्याकाळी तू मला जिन्यात गाठलंस. समितीला सांगितलं, म्हणालीस, पण त्या बाईला कोण सांगणार? ती तर घरी जाताना आपल्या पाया पडून गेली. तिला वाटतंय, नशीबच तसं. नोंदवहीतून तिचा पत्ता तू उतरवून घेतला होतास.

एकटी जाऊ नकोस, दोघी जाऊ, असं मी म्हटलं. परीक्षा होऊ दे. मग तपासणी आली. मग माझं गुडघ्याचं ऑपरेशन, मग तुझी निवृत्ती. दर वेळी तू विचारलंस आणि दर वेळी मीच तुला थांबवलं.

तिचं मूल आता अकरा वर्षांचं असेल. घर बसनं वीस मिनिटांवर आहे. आपण गेलो नाही.