पुणे–नागपूर, सव्वा तास

मंगळवारी दुपारी एकचं नागपूरचं विमान पुण्याहून साडेचारला सुटलं. कारण तांत्रिक असल्याचं सांगण्यात आलं.

प्रतीक्षागृहात माझ्या शेजारी चाळिशीतला एक माणूस बसला होता. त्याची आई पहाटे गेली होती. नागपूरपुढच्या गावात सगळे त्याच्यासाठी थांबले होते. काकांचा फोन आला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

‘कुठवर आला रे?’

‘इथंच बसून आहो, काका. विमान निघूनच नाही राहिलं.’

‘तू तर सव्वा तास म्हणत होता.’

‘उडाल्यावर सव्वा तास.’

तिकिटावर छापलेला वेळ नकाशावरच्या सरळ रेघेचा असतो. घरापासून विमानतळ, रांगा, या खुर्च्या, उतरल्यावरची गाडी, यांचा वेळ कुणी छापत नाही. कामासाठी सतत ये-जा करणाऱ्यांनी तो मोजणंही सोडलेलं असतं. उडण्यानं कुणी थकत नाही. थकवा येतो तो बसून राहण्याचा, आणि तो घरी गेल्यावर सांगताही येत नाही.

पुन्हा फोन आला.

‘बापू, ऊन उतरलं. दिवस बुडायच्या आत न्या लागते.’

त्यानं समोरच्या फलकावरची विमानाची वेळ पाहिली.

‘घेऊन जा. अग्नी आपल्या सुमीच्या हातानं द्या. आईपाशी तीच होती.’

‘पोरीच्या हातानं? लोक काय म्हणतील?’

‘मी आल्यावर मला म्हणतील.’

नागपूरला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. विमान थांबताच त्यानं फोन सुरू केला. काकांचा निरोप आला होता. अग्नी सुमीनं, त्याच्या बहिणीनं, दिला होता.