ओल वगळून

माझ्या व्याह्यांनी सत्तर वर्षांत एकही गोष्ट अंदाजानं सांगितलेली नाही. देवाच्या दारात उभे राहिले तरी आधी पायऱ्या मोजतील, मग हात जोडतील. माणूस पेडगावचा, परभणीच्या मोंढ्यात पस्तीस वर्षं मापाडी. म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन मोठ्यानं पुकारायचं आणि घेणाऱ्याच्या, विकणाऱ्याच्या, दोघांच्याही शिव्या खायच्या. काम सुटलं, काटा सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत ताटातला लाडू उचलून तळहातावर झुलवतात आणि शेजाऱ्याला सांगतात, "पहिल्या वाढपातला सत्तर ग्रॅमचा व्हता, ह्यो साठचा हाय. आचारी दमायलाय."

माझी पोर त्यांच्या घरात दिली. दिवाळीला माहेरी येते, तर निघताना सासरे तिला काट्यावर उभी करतात आणि परत गेली की पुन्हा. एकदा फोन आला, "इवाई, पोरगी अर्धा किलो कमी आली." आमच्याकडं व्याह्याला इवाईच म्हणतात. आता मी शाळा चौथीपर्यंतच शिकलो, पण मुलीचा बाप झालो म्हणून खाली मान घालणारा नाही. म्हणलं, "तुमच्या काट्यातच खोट असंल." फोन बंद. तिसऱ्या दिवशी माणूस काटा आणि शिक्क्याचं पाच किलोचं वजन घेऊन माझ्या ओट्यावर. काटा तपासून दाखवल्याशिवाय चहाला हात लावला नाही. काटा बरोबर होता. पोर आमच्याकडं चार दिवस तापानं पडली होती आणि मी तिच्या सासरी कळवलं नव्हतं.

दोन वर्षांखाली माझ्या डाव्या हातातून कप निसटायला लागला. पहिला फुटला तेव्हा बायको ओरडली, तिसरा फुटला तेव्हा रडली. डोक्यात गाठ निघाली, आणि साध्यातली नव्हती. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं की सगळी काढता आली नाही, हात हलवायच्या जागेला खेटून होती ती ठेवावी लागली. त्यानंतर सहा आठवडे मशिनीच्या किरणांचा शेक.

शेकानंतरच्या पहिल्या तपासणीचे फोटो पुतण्या घेऊन आला. बाईंची तारीख चार दिवसांनी होती, पण दम कुणाला? अंगणात उन्हाकडं धरून जुना आणि नवा शेजारी शेजारी लावला. पांढरा डाग जवळजवळ दुप्पट. बायको आत गेली. मी तिथंच सांगून टाकलं, आता सुई नाही, गोळी नाही, ती तारीखही नाही. जे काय व्हायचं ते आपल्या पिंगळी गावात, आपल्या लिंबाखाली. मी एकदा बोललो की माझा बापसुद्धा मला फिरवू शकला नव्हता.

पोरीनं सासऱ्याच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं व्याही हजर. राम राम नाही, तब्येत नाही. फोटो उन्हाकडं धरला.

"ह्याच्यावर आकडा कुठंय?"

"आकडा कशाला पाहिजे? डोळ्यानं दिसायलंय की."

"डोळ्यानं ढीग दिसतो, माल दिसत न्हाई. हे ओल वगळून हाय का?"

पावसात भिजलेलं सोयाबीन मोंढ्यात आलं की ढीग फुगलेला दिसतो, पोतं जड भरतं. मग ओलावा तपासतात, तेवढा वजा करतात, आणि उरतो तो खरा माल. हे मला माहीत होतं, ओलाव्यावरून मीच त्यांच्याशी दहादा भांडलो होतो. तरी म्हणलं, "माझ्या डोक्यात काय सोयाबीन हाय?"

"तुमच्या डोक्यात काय हाय ते मोजल्याबिगर मी सांगत न्हाई."

"मी जात न्हाई."

"नका जाऊ. मीच जातो. पण डोकं तुमचं लागंल, तेवढं माझ्याबरोबर धाडा."

बायको आतून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. त्या हसण्यावर मी गेलो, व्याह्यांच्या सांगण्यावर नाही, हे इथं लिहून ठेवतो.

बाईंनी कम्प्युटरवर माझं डोकं उघडलं. कलिंगडाच्या फोडी कराव्यात तशा चकत्या, एकामागं एक. प्रत्येक चकतीत मशीन गाठीभोवती लाल रेघ ओढतं आणि तिच्या बाहेरच्या सुजेभोवती पिवळी. मग सगळ्या चकत्या मिळून लाल किती, पिवळं किती, ते मोजतं.

व्याही खुर्चीच्या टोकावर आले. "लाल म्हंजे माल, पिवळी म्हंजे ओल?"

बाई म्हणाल्या, "तसंच म्हणा. शेकानं सूज वाढलीय, म्हणून डाग मोठा दिसतो. गाठ शेकाच्या आधी एकवीस मिली होती, आता एकोणीस आहे."

"रेघ कोण वढतं? मशीन का तुमी?"

"मशीन ओढतं, मी तपासते. चुकली तर सुधारते."

"मग मापाडी तुमी. ह्यो नुसता काटा."

"हो. पण काका, शेकानंतर इतक्या लवकर काट्यावर निकाल देत नाहीत. दोन महिन्यांनी पुन्हा मोजू, मग बोलू."

या बोलण्यावर व्याही फार खूष झाले. घाईनं पुकारा न करणारा मापाडी त्यांना जन्मात फार थोडा भेटला होता.

घरी आल्यावर त्यांनी इंजेक्शनची सिरिंज मागून घेतली आणि स्टीलच्या पेल्यात एकोणीस मिली पाणी मोजून टाकलं. पेला माझ्यापुढं ठेवला. "हे बगा. एवढंच हाय." बुडाशी दोन घोट पाणी. एवढ्याला भिऊन मी लिंबाखाली मरायला निघालो होतो. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू केल्या.

तेव्हापासून दर तपासणीचा कागद व्याहीच वाचायचे. आकडा पुकारायचे, तोही मोंढ्यातल्यासारखा, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असा. गेल्या वर्षी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. मग पुकारा माझ्याकडं आला. कागद इंग्रजीत असतो, पण ती ओळ आणि तो आकडा मला ओळखू येतो. मी फोनवर सांगतो, ते विचारतात, "ओल वगळून?" मी म्हणतो, "वगळून." एवढंच बोलणं.

या खेपेला कागदावर बावीस पॉइंट एक होतं. दुपारभर कागद घडी करून खिशात ठेवला. मग फोन केला.

"अठरा पॉइंट चार," मी म्हणलो.

"ओल वगळून?"

"वगळून."

मग म्हणाले, "मागच्या टायमाला बी अठरा पॉइंट चारच व्हतं."

"मग चांगलंच हाय की. वाढली न्हाई."

"इवाई, एकच पोतं दोनदा काट्यावर टाकलं तरी टिंबाच्या फुडचा आकडा हालतो. टिंबासकट तेच आलं, तर पुकारणाऱ्यानं काट्याकडं बगितलंच न्हाई असं समजावं. किती हाय?"

सांगितलं.

"बाईनी कवा बोलावलंय?"

"सोमवारी."

"मी येतो."

"तुमाला दिसत न्हाई. येऊन काय करणार?"

"दुसरं माप घ्यायला सांगायचंय. तुमी भिडंनं सांगणार न्हाई."

रविवारी पोरीनं त्यांना गाडीत बसवून दिलं. स्टेशनावर मी उभा होतो, तर माझा हात धरायला तयार नाहीत. काठी टेकत, मनात मोजत घरापर्यंत आले. ओट्यावर बसल्यावर म्हणाले, "अकराशे चाळीस पावलं. आधी हजार साठ व्हती."

"घर तर तिथंच हाय," मी म्हणलो.

"घर तिथंच हाय. पाऊल आखूड झालंय."

सोमवारी बाई काय पुकारतील ते सोमवारी. बायकोनं चहा आणला. मी डाव्या हातानं कप उचलला आणि त्यांच्या हातात दिला. कप हलला नाही. त्यांना दिसलं नसणार, म्हणून मी सांगितलं, "डाव्यानं दिला."

"किती भरला व्हता?" त्यांनी विचारलं.

"काठोकाठ," मी म्हणलो. आणि या खेपेला ते खरं होतं.