तिसऱ्या रांगेतली पांढरी पावडर

१४ ऑक्टोबर २०२४. पोलादपूरच्या औषधाच्या दुकानात महिपती उतेकरांनी सहाशे पंच्याऐंशी रुपये मोजून उन्हासाठी लावायच्या क्रीमची एक ट्यूब घेतली. पावती घडी करून खिशात ठेवली आणि आपल्या गावी, कापड्याला जाणाऱ्या गाडीत बसल्यावर चष्मा चढवून ट्यूबच्या मागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं. उतरेपर्यंत त्यांचं मन त्या ट्यूबवरून पार उडालं होतं.

महिपती महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर. वस्तू हातात आली की आधी पालथी करून लेबल वाचायचं, ही सवय. मेव्हण्याने मुंबईहून आणलेल्या सोनपापडीची तारीखही त्यांनी त्याच्यासमोरच तपासली होती. ट्यूबवर पहिलंच नाव होतं झिंक ऑक्साइड. हे नाव त्यांच्या गोदामात तिसऱ्या रांगेतल्या पंचवीस किलोच्या गोण्यांवर होतं. त्या गोण्या हलवणाऱ्या माणसाला ते स्वतः सही घेऊन मास्क आणि हातमोजे देत.

घरी येऊन त्यांनी ट्यूब कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली.

"ज्या मालाला आम्ही हातमोज्याशिवाय शिवत नाही, तो तू तोंडाला फासणार?" ते बायकोला म्हणाले.

"मग काय गोणपाट पांघरून भात कापू?" राहीबाई म्हणाल्या.

त्यांचा प्रश्न खरा होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांवर आणि गालांवर कोडाचे पांढरे डाग उठले होते. गेल्या कापणीत उन्हाने त्या डागांवर फोड आले आणि दुसऱ्याच दिवशी त्या घरी बसल्या. कापड्यात बायका एकमेकींच्या शेतात कापायला जातात. जी जितके दिवस येईल, तितके दिवस तिच्याकडे जायचं. राहीबाईंना कोणाकडे जाता आलं नाही, म्हणून त्यांच्याकडेही कोणी आलं नाही. भात आठ दिवस जास्त उभं राहिलं आणि निम्मा दाणा मातीत झडला. यंदा डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकतर उन्हात जाऊ नका, नाहीतर हे लावा.

महिपतींनी तिसरी वाट काढली. गावातल्या रंगूबाई बचत गटाकडून पोलादपूरच्या बाजारात बसत. पापड, मसाला आणि शेजारी नैसर्गिक सनस्क्रीनच्या डब्या. एकशे वीस रुपयांना एक.

"यात काय आहे?"

"खोबरेल, मधाच्या पोळ्याचं मेण, हळद. रसायन काय नाय भावजी."

"लेबल कुठंय?"

"मी हाय ना इथं बसलेली. माझंच लेबल लावू काय डबीला?"

त्यांनी डबी घेतली. दोन दिवस स्वतःच्या मनगटाला लावून पाहिली आणि मगच बायकोला दिली.

कापणी सुरू झाली. राहीबाई तोंडाला आणि हातांना डबीतलं लावून निघाल्या की बायका चिडवत, "गो राही, नाटकात राजा झालीस का राणी?" त्या हसत आणि विळा चालवत. चार दिवस झाले तरी फोड नाही. रंगूबाई दोन दिवस त्यांच्याकडे येऊन गेल्या. राहीबाईंनी त्यातला एक दिवस फेडलाही.

महिपतींना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना झोंबू लागला तो रंग. खोबरेल, मेण आणि हळद एकत्र केलं तर पिवळं व्हायला हवं. हे पांढरं का? आधी संशय आला बायकोचाच. हिने ट्यूब यात पिळली काय? पण किल्ली खिशातच होती आणि ट्यूबचं सील शाबूत होतं. मग त्यांनी डबीतलं थोडं बोटांवर घासलं आणि हात धुतला. पाणी ओघळून गेलं, पांढरं मात्र बोटांच्या रेघांत बसून राहिलं. हे पांढरं ते एकतीस वर्षं पँटच्या घड्यांतून घासून काढत आले होते.

बाजाराच्या दिवशी ते रंगूबाईंसमोर उभे राहिले. दोन गिऱ्हाइकं डब्या हातात घेऊन उभी होती.

"रंगूबाई, यात झिंक आहे."

"हाय की. महाडच्या दुकानातून पुडी आणते."

"मग रसायन नाही म्हणालात ते?"

"जमिनीतनंच येतं ना ते?"

"आमच्या कारखान्यातलं बरंच काही जमिनीतूनच येतं. पण या पावडरीच्या गोण्या आम्ही मास्कशिवाय हलवत नाही."

"बिनपावडरचं आधी मीच लावलेलं. नाक सोलून निघालं. उन्हाला ती पावडरच अडवते, हळद नाय."

"किती घालता?"

"दोन चमचे."

"चहाचा चमचा की पोह्याचा?"

रंगूबाईंनी पापडांची पाकिटं सरळ करायला घेतली. एका गिऱ्हाइकाने डबी हळूच खाली ठेवली आणि ते निघून गेलं.

"आणि गोणीची पावडर उडते, म्हणून तोंड बांधायचं," रंगूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तेलात बसलेली कुठं उडते? एवढं तुम्हालाच कळाय पायजे होतं."

ते कळायला हवं होतं, हे खरं. गोणीवर लिहिलेलं होतं की धूळ श्वासात जाऊ देऊ नका. ती ओळ त्यांनी हजार वेळा वाचली होती आणि एकदाही पुरती वाचली नव्हती.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे कपाटातलं नि डबीतलं एकच?" राहीबाईंनी विचारलं.

"एकच नाही. ट्यूबमध्ये आणखी नऊ नावं आहेत, त्यातली मला चार माहीत आहेत. पण प्रमाण छापलंय. डबीत प्रमाणाचा पत्ता नाही."

"मग उद्या काय लावू?"

महिपतींनी दोन्ही पुढ्यात ठेवलं. राहीबाईंनी डबी उचलली.

"रंगूच्या दारात जाऊन भांडता तरी येतं. ट्यूबवाल्याचं दार कुठं शोधू?"

घरची कापणी सहा नोव्हेंबरला संपली. राहीबाईंना एकही फोड आला नाही आणि यंदाचा दाणा घरात आला. ट्यूब अजून कपाटात आहे, सील न तोडलेली.

रंगूबाईंच्या शेताचा खालचा तुकडा तेव्हा कापायचा राहिला होता. त्यासाठी त्यांनी माहेरच्या बायका आणल्या. राहीबाईंना बोलावलं नाही. राहीबाई आदल्या संध्याकाळी विळा घेऊन विचारायलाही गेल्या होत्या. "माणसं पुरेशी हायेत," एवढंच उत्तर मिळालं.

रंगूबाईंचा एक दिवस राहीबाईंवर अजून बाकी आहे.