गोठ्यातली बैठक

माझे यजमान ब्रह्मदेशच्या लढाईवरून परत आले ते हातापायांनी धड. सोनगीरजवळच्या आमच्या गावाने त्यांना हार घातले. पण आग्रा रोडवरून एखादा ट्रक फाट्‌दिशी आवाज करत गेला, की ते औत सोडून सरीत पालथे पडत. मग कपडे झटकून उठत आणि दिवसभर कोणाशी बोलत नसत.

माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सकाळी धार काढून झाली की गोठ्यातच डोळे मिटून बसत. तरुणपणी एका गोसाव्याने त्यांना ते शिकवलं होतं. यजमान लढाईवर असताना काळजीने माझं कशात लक्ष लागेना, तव्यावर भाकरी जळू लागल्या. तेव्हा आबांनी मलाही बसवलं. मी डोक्यावर पदर घेऊन गव्हाणीच्या पलीकडे बसे.

"आबा, मन थांबतच नही," मी म्हणाले.

"थांबाडू नको. श्वास येस, जास, तितलंच देख. मन पळनं ते पळू दे. ध्यानमा उनं का परत श्वासवर ये."

मन काही थांबलं नाही. भाकरी मात्र जळायच्या राहिल्या.

म्हणून यजमान परत आल्यावर एके सकाळी आबांनी त्यांनाही हाक मारली. यजमान बसले, डोळे मिटले आणि लगेच ओरडून उठले.

"डोया मिटा का लढाईनं बठ्ठं परत दिखस," ते म्हणाले.

आबा घाबरले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मग गव्हाणीकडे बोट करून म्हणाले, "मंग मिटू नको. ती म्हैस रवंथ करी ऱ्हायनी, तिले देख."

यजमानांना हसू आलं. आल्यापासूनचं ते पहिलंच. "आबा, म्हैस माले काय शिकाडी?"

"काहीच नही. तू फक्त देख."

ते परत बसले. म्हैस जबडा फिरवायची, गिळायची, थोडं थांबायची, आणि नवा घास गळ्यातून वर येताना दिसायचा. बघता बघता त्यांचे आवळलेले खांदे खाली आले. पुढे आम्ही तिघं रोज बसू लागलो. शेजारच्या बायका हसायच्या. मी सांगायची, म्हशीची नजर काढतोय.

वर्षभराने ट्रक गेला तरी ते आडवे पडेनासे झाले. औत थांबवून उभे राहत, सावकाश श्वास घेत आणि पुढे चालू लागत. दिवाळीचे फटाके मात्र त्यांना कधीच सोसले नाहीत. लक्ष्मीपूजन उरकलं की आम्ही दोघं गावाबाहेरच्या खळ्यावर निघून जायचो. कोणी विचारलं तर ज्वारीची राखण सांगायचो.